उघडल्याची तारीख

"कचरा देऊ का?" मी विचारलं.

श्रीनिवास गॅसपाशी पाठमोरा उभा होता. कढईत पोहे खाली लागत होते आणि त्याची उलथन्याशी झटापट चालली होती. "द्या की," तो मागे न बघताच म्हणाला.

बाहेर घंटागाडी उभी होतीच. मी वर्तमानपत्राचं पुडकं उचललं, मोरपंखी साडीच्या निऱ्या सांभाळत फाटकापर्यंत गेले आणि गाडीवरच्या बाईच्या हातात ते दिलं. हात झटकून परत आले. मनात म्हटलं, चला, या घरासाठी आपल्या हातून एक तरी चांगलं काम झालं.

आता बघा, त्या पुडक्यात काय होतं ते सांगायला हवं. पोहे होईपर्यंत मदत म्हणून मी त्यांचा फ्रीज आवरला होता. एक वाळून खडा झालेलं लिंबू, मागच्या दिवाळीतला जॅम, आणि अंड्यांच्या खणात एका झाकणाच्या डबीत उभ्या करून ठेवलेल्या सुपरग्लूच्या सहा बारक्या बाटल्या. सहाच्या सहा बाटल्यांवर छापलेली तारीख दीड वर्षापूर्वी उलटून गेलेली. मिरजेत माझं औषधांचं दुकान. तारीख उलटलेली वस्तू दिसली की माझा हात माझं ऐकत नाही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी दुकानातलं एकेक खोकं तपासून जुना माल वेगळा काढायची. त्या सवयीने त्या बाटल्याही उचलल्या. डबीत ओल शोषून घेणाऱ्या पांढऱ्या पुड्या होत्या, औषधांच्या बाटल्यांत असतात तसल्या. तिथेच मला शंका यायला हवी होती. प्रत्येक बाटलीवर कागदाची एक पट्टीही होती आणि तिच्यावर नीट अक्षरात लिहिलं होतं, "उघडली:". पुढे काहीच नाही. मला वाटलं, आळशी माणसं, अर्धवट नोंद करून सोडून देतात. असल्या नोंदी पाहिल्या की माझं डोकं उठतं.

हा होता माझा दाखवण्याचा कार्यक्रम.

खरं म्हणजे मुलाकडच्यांनी आमच्याकडे यायचं, मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायचं, अशी रीत. असे तेरा कार्यक्रम मी पार पाडले होते. पण चौदाव्याला श्रीनिवासच्या वडिलांचा निरोप आला, "गार्डाचा डबा अर्धा चिकटवून झालाय, हातातलं सोडता येत नाही. तुम्हीच या. पोहे आम्ही करतो." आई म्हणाली, "हे काय बाई भलतंच!" मी म्हटलं, जाऊ या. आईला मी बजावून ठेवलं होतं की हा शेवटचा. यानंतर मी कुणासमोर बसणार नाही, तू परत विषय काढायचा नाही.

एवढं निक्षून सांगितलं खरं, पण या चौदाव्याच्या वेळी माझं काळीज धडधडत होतं. कारण श्रीनिवास मला ठाऊक होता. कॉलेजातल्या प्रयोगशाळेत नोकरीला, शांत माणूस. दोन वर्षं तो दर महिन्याला माझ्या दुकानात यायचा आणि नेलपॉलिश काढायच्या औषधाची बाटली न्यायचा. बिनलग्नाचा, वडिलांजवळ राहणारा पुरुष, आणि दर महिन्याला नेलपॉलिश रिमूव्हर! मी मनातल्या मनात त्याच्या आयुष्यातली ती लाल नखांची बाई रंगवली होती आणि विनाकारण तिच्यावर जळत होते. मग एक दिवस त्याने रिमूव्हर घेतला आणि सुट्टे पैसे परत घेता घेता म्हणाला, "बापूंच्या बोटांना डिंक चिकटतो, तो याने सुटतो. तुम्ही काय समजत असाल कोण जाणे." आणि त्याच आठवड्यात त्यांच्याकडून स्थळ म्हणून निरोप आला. मला तो हवा होता. आता काय लपवायचं?

तर पोहे झाले. पुढच्या खोलीत टेबलावर बापू बसले होते, म्हणजे श्रीनिवासचे वडील. छोट्या गाडीचे, म्हणजे नॅरो गेजचे, निवृत्त गार्ड. जाड भिंगाचा चष्मा, कोपरीची बाही वर सरकवलेली, दहापैकी चार बोटांवर डिंकाचे पापुद्रे. त्यांच्यासमोर ती अख्खी छोटी गाडी उभी होती. इंजिन, चार डबे, खिडक्यांच्या गजांसकट, हातभर लांबीची. सगळं पुठ्ठा, प्लॅस्टिकचा पत्रा आणि पितळेची तार यांतून केलेलं. खरी गाडी मोजून, त्याच प्रमाणात लहान केलेली. फक्त शेवटचा गार्डाचा डबा उघडावाघडा पडला होता. त्याचं छत बाजूला, पायऱ्या बाजूला.

"चार वाजता शाळेत प्रदर्शन आहे," बापू आईला सांगत होते. "आणि गार्डाचा डबा लागल्याशिवाय गाडी सुटत नसते, वहिनी. चौतीस वर्षं मी शेवटच्या डब्यातच काढली."

चौतीस म्हटल्यावर आईने चटकन माझ्याकडे पाहिलं आणि नजर चोरली. त्याचं कारण सांगते. आईने या स्थळाला माझं वय एकतीस सांगितलं होतं. खरं होतं चौतीस. तीन वर्षं तिने अशी काही खरवडून टाकली होती की बाटलीवरची तारीख खरवडणाऱ्या एखाद्या लबाड दुकानदाराला लाजवेल. मी घरी चिडले होते, "माझ्या दुकानात असं कुणी केलं तर मी त्याला पोलिसांत देईन!" आई म्हणाली होती, "तू दुकानात बस. घरचं मी बघते." आणि मी गप्प बसले होते. तो हवा होता ना! त्यापुढे तत्त्वं थोडी बाजूला सरकली.

"श्रीनू," बापूंनी हाक मारली, "फ्रीजमधला झटक्या काढून ठेव बघू. जरा गारवा जाऊ दे त्याचा."

त्या घरात सुपरग्लूला झटक्या म्हणत.

श्रीनिवास आत गेला. फ्रीज उघडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. मग तो दारात आला, हातात रिकामी डबी.

"बापू, बाटल्या नाहीत."

"नाहीत म्हणजे? सहा आहेत की!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पोह्यांची ताटली हातातच राहिली.

"तूच कुठेतरी ठेवल्या असशील," बापूंचा आवाज चढला. "मुंबईहून मागवलेला पातळ झटक्या आहे तो. सांध्यात पाण्यासारखा शिरतो. इथे मिळतो तो जाड, कशाला लावायचा, चपलेला? आणि आज रविवार, सगळी शटरं खाली! कुठे ठेवल्यास सांग!"

श्रीनिवासने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. स्वयंपाकघरातला तो माझा प्रश्न आणि त्याचं "द्या की" त्याला आठवलं असणार. आणि तो वडिलांना म्हणाला, "माझ्याकडूनच कचऱ्यात गेल्या असतील, बापू."

"नाही," मी उभी राहिले. ताटली कुठे ठेवली ते आठवत नाही. "मी टाकल्या. तारीख उलटली होती त्यांची. दीड वर्ष झालं होतं. घंटागाडीत दिल्या."

आईने कपाळावर हात मारला. "नले!"

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या त्या भिंगांतून त्यांचे डोळे दुप्पट मोठे दिसत होते. मग ते भिंतीवरच्या घड्याळाकडे वळले, अगदी गार्डासारखे, आणि म्हणाले, "गाडी किती वाजता गेली?"

"दहा-पंधरा मिनिटं झाली."

"म्हणजे पाण्याच्या टाकीच्या पुढे नसेल. श्रीनू, स्कूटर काढ. आणि यांना घेऊन जा. पुडकं यांनीच ओळखायचं."

अशी मी माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या स्कूटरवर पहिल्यांदा बसले. रेशमी साडीत, एका अंगाने, घंटागाडीच्या मागावर. गल्लीतल्या दोन बायका दारात येऊन बघत होत्या. बघू देत म्हटलं.

"तुम्ही स्वतःवर का घेतलंत?" मी त्याच्या पाठीमागून ओरडून विचारलं. वारा फार होता.

"बापू माझ्यावर दिवसातून चारदा ओरडतात. आणखी एकदा ओरडले असते."

मला हसू आलं. आणि मग एकदम हसायचं सुचेना. हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलला आणि मी त्याच्या पाठीशी बसून त्याच्यापासून वयाची तीन वर्षं लपवतेय. मी त्याच्या बापूंच्या बाटल्या तारखेपायी फेकल्या आणि माझ्या स्वतःच्या लेबलवर काय लिहिलंय?

"ऐका," मी म्हणाले. "मला एकतीस नाहीत. चौतीस पूर्ण झालीत. आईने कमी करून सांगितलं."

 स्कूटर हळू झाली, आणखी हळू झाली आणि एका चहाच्या टपरीसमोर चक्क थांबली. मी खाली उतरायच्या बेतात होते. म्हटलं, संपलं, इथून रिक्षा करून आईला न्यायचं. त्याने मान मागे वळवली. कानाच्या पाळ्या लालबुंद.

"मला अडतीस नाहीत," तो म्हणाला. "बेचाळीस. बापूंनी चार कमी केली."

"चार!"

"तुमची तीन ना? मग?"

आम्ही दोघंही त्या टपरीसमोर असे हसलो की चहावाल्याने न विचारताच दोन ग्लास भरायला घेतले. "नको नको," श्रीनिवास म्हणाला, "आम्हाला कचऱ्याची गाडी गाठायची आहे," आणि चहावाला आमच्याकडे बघतच राहिला.

गाडी टाकीच्या पुढच्या चौकात सापडली. मला वाटलं होतं, आता पदर खोचून अख्ख्या पेठेचा कचरा उपसायला लागणार. पण गाडीवरच्या बाईने आम्हाला लांबूनच ओळखलं. "त्या चिकटणाऱ्या बाटल्या होय?" ती म्हणाली आणि बसायच्या फळीखालून एक पत्र्याचा डबा काढला. "मागं एकदा एक फुटली, माझी दोन बोटं चिकटली होती दिवसभर. तेव्हापासून मी असलं काही वेगळंच ठेवते. एवढी साडी नेसून कचरा टाकायला आलात, तेव्हाच म्हटलं, ही बाई काहीतरी घोळ करून ठेवणार."

पाच बाटल्या धड होत्या. सहावी चेपली होती आणि जॅमच्या बाटलीला जन्माची चिकटली होती. पाचही मी मुठीत धरून आणल्या. उन्हातून आणताना त्यांचा फ्रीजमधला गारवा केव्हाच गेला होता.

परत जाताना श्रीनिवासने विचारलं, "आता घरी काय सांगायचं?"

"खरं ते," मी म्हणाले. "मी सांगते. नंतर जे व्हायचं ते होऊ दे."

खोलीत शिरले ती चप्पलही न काढता थेट टेबलापाशी गेले आणि पाच बाटल्या बापूंपुढे ओळीने उभ्या केल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला, ते मला दिसलं. पण मला थांबायचं नव्हतं, थांबले असते तर धीर गेला असता.

"बापू, आणखी एक सांगायचंय. मी चौतीस वर्षांची आहे. एकतीस नाही."

आईच्या हातातला चहा बशीत सांडला. "अगं, ती जरा बोलायच्या ओघात..."

"आणि मी बेचाळीस," दारातून श्रीनिवास म्हणाला.

मग जो काय गोंधळ झाला! आई ताडकन उठली. "गार्डसाहेब! तुम्ही अडतीस म्हणाला होतात! स्वतः, तोंडाने!"

"आणि तुम्ही एकतीस म्हणाला होता, वहिनी!"

"मुलीची आई म्हणते तसं! पुरुषाला वयाची काय गरज लपवायची?"

"तीन लपवली तर चालतं, चार लपवली की गुन्हा? हे कुठलं गणित?"

"चला, नले!" आईने पर्स उचलली. "उठ. बस झालं."

मी श्रीनिवासकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत होता.  गेली गाडी हातची, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

"बसा की," बापू एकदम मऊ आवाजात म्हणाले. "डबा लागायचा राहिलाय. तुमच्या मुलीला मला एक विचारायचंय, मग जावा." त्यांनी एक बाटली माझ्यापुढे सरकवली. "तू औषधांची जाणकार. सांग, या झटक्याचं काय?"

"चिकटणार नाही," मी म्हणाले. काय करू, खोटं बोलता येईना. "तारीख दीड वर्षापूर्वीच संपलीय."

"आणि हा?" त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावरून दुसरी एक बाटली उचलली. मी ती आधी पाहिलीच नव्हती. छापलेली तारीख पुढच्या वर्षाची. पट्टीवर लिहिलं होतं, "उघडली:" आणि पुढे सव्वा महिन्यापूर्वीची तारीख.

"हा चालेल. याला अजून वर्ष आहे."

"दाब."

मी दाबली. दगड. आत डिंकाचा नुसता खडा झाला होता.

"आता ही उघड," त्यांनी माझी बाटली दाखवली. "टोक टाचणीने टोच. एकच थेंब. जास्त नको, जास्त लावला की उलट पकड धरत नाही. आणि त्याच्यावर श्वास सोडू नकोस."

मी ती गार्डाच्या डब्याची पायरी चिमट्यात धरली. झेंडी दाखवताना गार्ड उभा राहतो ती पायरी, माझ्या नखाएवढी. टोकाला एक थेंब आला, पाण्यासारखा पातळ, आणि सांध्यात क्षणात शिरून दिसेनासा झाला. बापू मोठ्याने अंक मोजू लागले. आईही उभ्या उभ्या, पर्स काखेत धरून, ओठांतल्या ओठांत मोजत होती. दहा झाले. बापूंनी चाव्यांचा जुडगा घेतला, त्यात घराच्या, कपाटाच्या, सायकलच्या मिळून आठ-नऊ किल्ल्या असतील, आणि तो खुशाल त्या पायरीवर अडकवला. डबा वर उचलला.

पायरी जागची हलली नाही.

"हवा लागली नाही, ओल लागली नाही, गारव्यात गुमान उभी होती," बापू म्हणाले. "हिच्या आयुष्यातलं काय खर्च झालं होतं? काही नाही. छापणाऱ्याला काय ठाऊक कुणी कशी ठेवलीय ते! आम्ही इथे छापलेली तारीख बघत नाही, पोरी. उघडल्याची बघतो. दिवस तिथून मोजायचे." मग चष्मा काढून कोपरीला पुसत ते जरा ओशाळून म्हणाले, "तरी मी चार वर्षं खोडली. माझंच मला कळलं नाही. चुकलं, वहिनी."

 आईने पर्स खुर्चीवर ठेवली. "माझीही तीन आहेतच," ती पुटपुटली.

बापूंनी माझ्यापुढे पेन धरलं. "बाटली उघडलीस तू. तारीख तूच घाल."

मी पट्टीवर त्या दिवसाची तारीख लिहिली. आकडे नीट आले. बापूंनी ती वाचली, श्रीनिवासने वाचली, आणि आईनेही चष्मा लावून वाचली.

"मग?" बापूंनी आईला विचारलं. "झेंडी दाखवू?"

"आधी ते पोहे गरम करा," आई म्हणाली. "आणि पुढच्या खेपेला जरा तेल घाला त्यात."

चार वाजता आम्ही इंजिन आणि चारही डबे शाळेत नेले. शेवटचा मी मांडीवर घेऊन, स्कूटरवर.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. ती बाटली तर सहा-सात महिन्यांतच दगड झाली, होणारच होती. पायरी मात्र अजून जागेवर आहे. दुकानात मी आजही पहिल्या सोमवारी खोकी तपासते, औषधांच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. घरचा फ्रीज मात्र बापूंच्या हुकमात आहे. ते आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, बोटं थरथरतात म्हणून डिंकाचं काम मी करते आणि ते शेजारी बसून अंक मोजतात. माझी छप्पन्न वर्षं परवाच पूर्ण झाली. शेजारच्या बाई भेटायला आल्या होत्या, त्यांनी आपलं सहज विचारलं, "वहिनी, तुमचं वय किती झालं हो आता?"

मी तोंड उघडायच्या आत बापू आतल्या खोलीतून ओरडले, "बावीस!"